काळीचं, पांढरीचं आणि आमच्या घराचं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मधले दोनेक महिने शेलूबाजारच्या घराच्या कागदपत्रांत गेले. बाबा गेल्याला दोन वर्षं झाली, आई माझ्या भावाकडे नागपूरला असते आणि गावातलं घर बंद आहे. बंद घराचं काय काय साचतं ते ज्याचं त्यालाच माहीत. आमच्याकडे धूळ, वाळवी आणि दोन वर्षांची घरपट्टी साचली होती.

थकबाकी फार नव्हती. पुण्यात आम्ही एका वेळच्या हॉटेलच्या जेवणाला देतो तेवढी असेल. मी आईला म्हटलं, "एवढ्यासाठी तू कशाला येतेस? मी भरून टाकते." तर ती म्हणाली, "घर उभं हाय ना? मंग पट्टी भराच लागते. अन् मी येतो." वऱ्हाडात बायकाही "मी येतो" म्हणतात हे नवीन वाचकांसाठी सांगून ठेवते.

घर उघडलं. बाबांची लोखंडी पेटी काढली. बाबा शिक्षक होते, त्यामुळे कागद जपायची शिस्त. पेटीत आजोबांच्या वेळेपासूनच्या पावत्यांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले. एका बाजूला शेताच्या, एका बाजूला घराच्या. मी त्या चाळत बसले आणि त्या दुपारी माझ्या लक्षात आलं की आमचं घर एक इंचही हललेलं नाही, पण त्याच्यावरचं सरकार मात्र सारखं बदलत गेलंय. तेच आज सांगायचं आहे.

आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यातलं, जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरचं. कारंजा सोडलं की मालेगावच्या अलीकडे लागतं. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढे इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात वाशीम नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ मध्ये तो मोडला आणि आमचा भाग अकोल्यात घातला. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. आणि १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. म्हणजे माझ्या पणजोबांचा जन्म वाशीम जिल्ह्यातला, आजोबांचा अकोल्यातला, आणि बाबा जन्मले अकोल्यात, गेले वाशीमला. सगळे एकाच ओसरीवर!

सरकार कोणतंही असो, कर घेणारा हात दारात यायचाच. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण, घरांची जागा. इतिहासाच्या पुस्तकांत सगळा भर काळीवर असतो. साहजिक आहे, राज्यं चालायची तीच मुळी काळीवर. वऱ्हाडात इंग्रजांनी १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने रयतवारी मोजणी सुरू केली, शेताशेताला नंबर पडले, आकार ठरले. त्या आकारावर रस्त्यांसाठी, शाळांसाठी वेगळा उपकर बसायचा.

पांढरीही सुटलेली नव्हती. मोहतर्फा नावाचा कर घर, दुकान, माग, घाणा यांच्यावर असायचा. शेजारच्या नागपूर मुलखात भोसल्यांच्या काळापासून शेती न करणाऱ्या लोकांवरच्या कराला चक्क "पांढरी" असंच नाव होतं, आणि इंग्रजांनी १८६७ साली त्याचा कायदाही केला. पण एक गोष्ट दोन्हींत सारखी. काळीचा असो की पांढरीचा, पैसा गावातून निघायचा आणि वर जायचा. वरून काय खाली येईल ते वरच्यांच्या मर्जीवर.

शहरांचं जरा वेगळं होतं. वाशीमला १८६९ सालीच नगरपालिका आली. खेड्यांसाठी मध्य प्रांतात १९२० साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला, १९४६ साली दुसरा. १९४८ मध्ये जनपद सभांचा प्रयोग सुरू झाला. जिल्ह्याच्या संस्था काढून तहसील पातळीवर एकेक सभा नेमायची अशी ती कल्पना होती, द्वारकाप्रसाद मिश्रांची. आमच्या विदर्भात ही जनपदं १९६२ पर्यंत टिकली. नव्या पिढीला तो शब्दही माहीत नसेल. आमच्या घरात मात्र आजोबा जिल्हा परिषदेलाही शेवटपर्यंत "जनपद"च म्हणायचे.

मग आला मुंबई ग्रामपंचायत कायदा, १९५८ चा. १ जून १९५९ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीला कर बसवायचा अधिकार मिळाला. इमारती आणि जमिनी, दिवाबत्ती, पाणी, आरोग्य, जत्रा, आणि आमच्या गावाच्या नावातच जो आहे तो आठवडी बाजार. करांचे नियम १९६० साली आले. मागोमाग वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या. वसंतराव आपल्या शेजारच्या पुसदचे, हे सांगायला नकोच.

आता गंमत बघा. शेताच्या पावतीवर आजही तीन धनी एकत्र बसलेले दिसतात. जमीन महसूल सरकारचा. त्या महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे ग्रामपंचायतीचा उपकर एक रुपया. आणि जिल्हा परिषद-पंचायत समितीचा उपकर त्याहून कितीतरी जास्त. मूळ महसूल इतका जुना आणि इतका थोडा आहे की उपकरच त्याच्यापेक्षा मोठा झालाय. वसूल करतो तलाठी.

घराच्या पावतीवर मात्र एकच धनी, ग्रामपंचायत. आपणच निवडून दिलेल्या लोकांनी ठरवलेला दर, आपल्याच गावात भरायचा आणि आपल्याच गावात खर्च व्हायचा. हजार वर्षांच्या महसुलाच्या इतिहासात पांढरीचा पैसा पांढरीतच राहायची ही सोय जेमतेम साठ-पासष्ट वर्षांची आहे. मला तरी ही मोठी गोष्ट वाटते. पेटीतल्या त्या मळक्या पावत्यांकडे मी आधी कधी असं पाहिलंच नव्हतं.

दर कसा ठरतो याचाही इतिहास आहे. १९९९ पासून घराच्या क्षेत्रफळावर कर होता. इतके चौरस फूट, असं बांधकाम, इतका कर. मुंबई उच्च न्यायालयात ही पद्धत टिकली नाही, आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनी भांडवली मूल्यावर आकारणी आली. आता जागेचा रेडी रेकनरचा दर, बांधकामाचा खर्च, इमारतीच्या वयाचा घसारा आणि वापर, सगळं धरून किंमत काढतात आणि दर हजार रुपयांना इतके पैसे असा कर लावतात. मातीच्या घराला दर कमी, स्लॅबच्या घराला जास्त, दुकान असेल तर आणखी जास्त. किमान आणि कमाल सरकारने ठरवलेलं, त्यामधला दर ग्रामपंचायतीने ठरवायचा. म्हणून शेजारशेजारच्या दोन गावांत सारख्याच घराला वेगळी पट्टी असू शकते. वाशीम जिल्ह्यात पाचशेच्या आसपास ग्रामपंचायती, वर नगरपरिषदा आणि नगरपंचायती. एवढ्याशा जिल्ह्यात करांचे एवढे सारे छोटे छोटे मुलूख!

आमच्या गावाला या हिशेबात आणखी एक गोष्ट आली. समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. रस्ता जवळून गेला की जागेचा भाव वाढतो. भाव वाढला की रेडी रेकनर वाढतो, आणि पुढच्या आकारणीत तो घरपट्टीत शिरतो. म्हणजे ज्या बाईने समृद्धीवरून कधी प्रवास केला नाही तिच्याही ओसरीपर्यंत तो रस्ता येणार आहे.

पण खरी अडचण पट्टी वाढायची नाही, न भरण्याची आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या पैशांवर एक अहवाल काढला. २०२२-२३ मध्ये देशातल्या एका पंचायतीला सरासरी स्वतःच्या करांतून सुमारे २१ हजार रुपये मिळाले, आणि इतर स्वतःच्या उत्पन्नातून ७३ हजार. केंद्राकडून आलेलं अनुदान जवळपास १७ लाख, राज्याकडून सव्वातीन लाखांवर. म्हणजे घर आपलं, चूल आपली, पण किराणा सगळा दुसऱ्याने भरलेला. आणि जो किराणा भरतो तो भाजी कोणती करायची तेही सांगतो. वित्त आयोगाच्या पैशातला मोठा हिस्सा कशावर खर्चायचा ते आधीच ठरलेलं असतं. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती झाली, पंचायतीला घटनेत जागा मिळाली, पण तिजोरीची किल्ली अजून वरच आहे. याचा दोष सगळा वरच्यांवर टाकता येत नाही. किल्लीचा जो भाग आपल्या हातात होता तो आपणच गंजू दिला.

याउलट उदाहरणंही आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना पूर्ण कर भरणाऱ्या घरांना दळण मोफत सुरू केलं. लोकांनी कर भरला, आणि भरला म्हणून हिशेबही विचारला. आपल्याकडे बहुतेक गावांत थकबाकी भरायची आठवण येते ती निवडणुकीला उभं राहताना, कारण मागणी बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य म्हणून अपात्र ठरतो. बाकीचे आपण निवांत! यात मीही आले. दोन वर्षं मला एकदाही आठवण झाली नाही.

बाबांचं तसं नव्हतं. एप्रिल ते सप्टेंबर या पहिल्या सहामाहीत भरलं की पाच टक्के सूट मिळते, ती त्यांनी कधी चुकवली नाही. सूट काही रुपयांची, पण "वेळेत भरलं की विचारायला तोंड राहते" असं म्हणायचे. पावत्या लावताना मला एक दिसलं, आणि तेच खरं तर या लेखाचं कारण.

प्रत्येक पावतीवर नाव बाबांचं. त्याआधी आजोबांचं. एकाही कागदावर आईचं नाव नाही. आणि पट्टी भरायला जायचं कोण? बाबांची शाळा बाहेरगावी. पोळ्याच्या आधी आईच पदराला पैसे बांधून जायची, मी तिच्यासोबत गेलेली मला आठवतेय. नोव्हेंबर २००३ मध्ये शासनाने निर्णय काढला होता की गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. बाबांना तो माहीत होता, त्यांनी शाळेत तो वाचूनही दाखवला होता. आपल्याच घराचं मात्र राहून गेलं. सरकारी नियम काटेकोर पाळणारा माणूस, पण हे राहिलं. दोष द्यायला आता ते नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघा भावंडांनाही ते कधी सुचलं नाही.

एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. तो मालकीचा पक्का पुरावा नव्हे, तो कर कोणाकडून घ्यायचा याचा कागद. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या लोकांनी घरपट्टीची पावती हाच घराचा पुरावा म्हणून जपला. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायचं काम चालू झालं. तिथेही विचारतात, कब्जा कोणाचा, नोंद कोणाची? म्हणजे पांढरीत तुमचं नाव असणं आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

वारस नोंदीची वेळ आली तेव्हा एका नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन, अगदी प्रेमाने सांगितलं, "ताई, तू हक्कसोड देऊन टाक, भावाच्या एकट्याच्या नावानं केलं की सोपं पडते." १९५६ च्या वारसा कायद्याने आई, मी आणि भाऊ तिघांचा सारखा हक्क आहे. माझा जीव त्या घरात अडकलेला नाही. पण मी गप्प राहिले, कारण माझ्यासोबत आईचंही नाव सहज गळून पडणार होतं आणि कोणाच्या ते लक्षातही येत नव्हतं.

बोलला भाऊच. म्हणाला, "पहिलं नाव आईचं. मंग आमचं दोघांचं." विषय संपला. मला त्याचा फार अभिमान वाटला, त्याला तसं सांगितलेलं नाही. इथे वाचेल.

थकबाकी भरली, अर्ज दिला, रीतसर नोंद व्हायला वेळ लागला. नंतर यंदाची पट्टी भरली ती आईच्या नावाने. संगणकावरची छापील पावती, बाबांच्या काळातल्या हाताने लिहिलेल्या पावतीसारखी काही ती दिसत नाही. आईने चष्मा लावून आपलं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. वडिलांचं नाव नाही, सासऱ्याचं नाव नाही, आधी तिचं. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल.

ती म्हणाली, "सूट देल्ली का त्यायनं?"

दिली होती. पाच टक्के. तिने पावती घडी घालून पेटीत बाबांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि सुतळी बांधली.

असो. तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे घरं आहेत त्यांनी एकदा नमुना आठ काढून बघा. पट्टी किती आहे ते बघा, आणि नाव कोणाचं आहे तेही बघा.