संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र : मोफत की विकतचे (वाशिम जिल्हा)

संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र (एसएसएल किंवा टीएलएस) : समोरचा सर्व्हर त्याच डोमेनचा आहे अशी ग्वाही देणारा आणि त्याच्याशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करण्यासाठी लागणारा डिजिटल दाखला. ब्राउझरने मान्य केलेली प्रमाणन संस्था तो देते. जुलै २०१८ पासून क्रोम असा दाखला नसलेल्या प्रत्येक स्थळापुढे ‘सुरक्षित नाही’ असे दाखवू लागला. तेव्हापासून वाशिमची बाजार समिती असो, कारंज्याचे देवस्थान असो की मंगरुळपीरचे महाविद्यालय, दाखला घ्यायचा की नाही हा प्रश्नच उरला नाही. उरला तो पैसे मोजायचे की नाहीत, एवढाच.

दाखल्याचे प्रकार तीन. डोमेन-पडताळणीत (डीव्ही) अर्जदाराचा डोमेनवर ताबा आहे एवढेच पाहतात. सर्व्हरवर सांगितलेली फाइल ठेवली किंवा डीएनएसमध्ये सांगितलेली नोंद केली की काम झाले. संस्था-पडताळणीत (ओव्ही) नोंदणी, पत्ता, दूरध्वनी तपासतात आणि विस्तारित पडताळणीत (ईव्ही) ही छाननी अधिक कडक होते. मोफत मिळतो तो फक्त पहिला. कूटबद्धीकरण मात्र तिन्हींत सारखेच असते. महाग दाखल्याचे कुलूप जास्त भक्कम, ही समजूत विक्रेत्यांच्या सोयीची आहे, खरी नाही.

मोफत दाखले घरोघरी नेले ते लेट्स एन्क्रिप्टने. अमेरिकेतील एका ना-नफा संस्थेचा हा उपक्रम ३ डिसेंबर २०१५ रोजी सर्वांना खुला झाला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याने १०० कोटी दाखले दिले. छोटी स्थळे सहसा शेअर्ड होस्टिंगवर असतात. तिथे सीपॅनेलची ‘ऑटोएसएसएल’ सोय असेल तर दाखला आपोआप बसतो. तरीही वार्षिक बिलात ‘एसएसएल’ची वेगळी ओळ दिसली, तर दाखला कोणत्या प्रकारचा ते विचारून घ्यावे. डीव्हीच असेल, तर ती रक्कम फार तर बसवणाऱ्याची मजुरी होय. मजुरी जरूर द्यावी, पण मजुरी म्हणून.

क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडील चिन्हावरून दाखला उघडला, की ‘कोणाला दिला’ या भागात डोमेनचे नाव दिसते. त्याखाली संस्थेचा रकाना असतो. डीव्हीत तिथे ‘प्रमाणपत्राचा भाग नाही’ असा शेरा, ओव्हीत संस्थेचे नाव. जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः या रकान्यासाठी. पण तो उघडून बघतो कोण? सोयाबीनचा भाव पाहायला आलेला रिसोडचा शेतकरी नक्कीच नाही. ईव्ही दाखला असला की पूर्वी संस्थेचे नाव पत्त्याच्या पट्टीतच ठळक दिसे. लोकांचे तिकडे लक्षच जात नाही असे आढळल्यावर २०१९ मध्ये क्रोमने आणि पाठोपाठ फायरफॉक्सने ते तिथून हलवले.

वाशिमपुरते बोलायचे तर ओळख पटवण्याचे काम आता बरेचसे डोमेनच करते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे अधिकृत स्थळ ‘वाशिम डॉट गव्ह डॉट इन’. हा शेवट सरकारी यंत्रणांनाच मिळतो, म्हणून त्यावर साधा डीव्ही दाखलाही पुरतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’वर जायला सांगितले, हे डोमेन फक्त आयडीआरबीटी ही बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था देते. जिल्हा वेगळा झाला तरी वाशिमच्या शेतकऱ्याची जिल्हा मध्यवर्ती बँक अकोल्याच्याच नावाची राहिली. तेव्हा नावात वाशिम शोधण्यापेक्षा पत्त्याचा शेवट पाहिलेला बरा.

पोहरादेवी, शिरपूर किंवा कारंजा येथील देवस्थानांना असा राखीव शेवट नाही. मिळत्याजुळत्या नावाचे डोमेन घेऊन भामटाही मोफत डीव्ही मिळवू शकतो आणि त्याच्या स्थळावरही ‘एचटीटीपीएस’ दिसते. यावर ओव्ही हा उतारा नव्हे. खरा पत्ता देणगीच्या पावतीवर आणि मंदिराच्या फलकावर छापणे अधिक कामाचे. विकतच्या दाखल्यासोबत मिळणारी ‘वॉरंटी’ही प्रमाणन संस्थेच्या चुकीपुरती असते, स्थळ हॅक झाले तर ती लागू होत नाही.

खरी अडचण नूतनीकरणाची. लेट्स एन्क्रिप्टचा नेहमीचा दाखला ९० दिवसांचा. विकतचा वर्षभर चालायचा, हा त्याचा मोठा फायदा होता. तोही आटत चालला आहे: सीए/ब्राउझर फोरम या प्रमाणन संस्था आणि ब्राउझर-निर्माते यांच्या मंडळाच्या एप्रिल २०२५ च्या निर्णयानुसार कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. पैसे भरले तरी नूतनीकरण स्वयंचलित करावेच लागणार. लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये मुदतीची आठवण देणारे ईमेलही थांबवले. स्थळ बनवून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहिले, की ऐन प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या स्थळावर ‘कनेक्शन खाजगी नाही’ हे पान उघडते. असे सांभाळणारे कोणी नसेल, तर वर्षाचे पैसे देऊन ती जबाबदारी होस्टिंगवाल्याकडे लेखी सोपवणे शहाणपणाचे. आणखी एक बाब जुन्या फोनची: ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइडवरील क्रोम २०२४ पासून लेट्स एन्क्रिप्टचे दाखले मानत नाही.

सरकारी कार्यालयात ‘सिक्युरिटी सर्टिफिकेट’ मागितले जाते तेव्हा बऱ्याचदा वेगळाच कागद हवा असतो: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतील लेखापरीक्षकाने स्थळ तपासून दिलेला. त्यात स्थळाच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी तपासलेल्या असतात. कोणताही एसएसएल दाखला, मोफत असो वा ईव्ही, त्याच्या जागी चालत नाही.