मालक नसलेले माणूसखाऊ झाड

रॉजर कोर्मनचा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हा १९६० सालचा भय-विनोदी चित्रपट आज इंटरनेट अर्काइव्हवर कोणालाही फुकट पाहता येतो. विस्मरणात गेलेला चित्रपट ऑनलाइन संग्रहांनी शोधून काढला, असे त्यावरून म्हणणे सोपे आहे. पण तो टिकला मुख्यतः त्याच्या कर्त्याच्या बेफिकिरीमुळे. आयता उभा असलेला सेट हाती लागला म्हणून कोर्मनने आतली दृश्ये दोन दिवसांत उरकली. खर्च सुमारे तीस हजार डॉलर. गरीब वस्तीतल्या फुलांच्या दुकानात राबणारा वेंधळा सीमोर एक विचित्र झाड जोपासतो. ते रक्तावर वाढते, बोलू लागते, खायला मागते आणि सीमोर त्याला माणसे पुरवत जातो. असल्या चित्रपटातून पुढे पैसा मिळेल असे कोर्मनला वाटले नाही आणि त्याने स्वामित्वहक्काची तजवीजच केली नाही. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात ही ढिलाई महागात पडे. हक्काची सूचना न छापता प्रसिद्ध झालेली कृती सर्वांची होई. त्यामुळे चित्रपट दाखवायला किंवा त्याच्या व्हिडिओ कॅसेटी विकायला कोणाची परवानगी लागेना. पुढे विक्रेत्यांनी वेष्टनावर जॅक निकल्सनचा चेहरा मोठा छापला. चित्रपटात तो दंतवैद्याकडे हौसेने दात उपटून घेणारा रुग्ण आहे, तोही जेमतेम काही मिनिटे. ऑनलाइन संग्रह ही याच साखळीची पुढची कडी.

यावर पहिला आक्षेप असा की, हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेंकेन यांनी १९८२ मध्ये यावर संगीत नाटक केले आणि १९८६ मध्ये फ्रँक ऑझने त्याचा चित्रपट केला, म्हणूनच मूळ चित्रपटाचे नाव राहिले. नाव गाजले ते त्यामुळेच, हे मान्य. पण नाटक आले ते मूळ चित्रपटानंतर बावीस वर्षांनी. तोवर तो लोकांच्या नजरेसमोर राहिला नसता, तर त्याचे नाटक करण्याचे कोणाला सुचले असते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याला मालक नाही त्याची निगा कोण राखणार? प्रतीवरून प्रत काढत गेल्याने चित्र धूसर होते, आवाज खरखरतो. उलट ऑझच्या चित्रपटाचा मूळ, शोकान्त शेवट चाचणी-खेळांतल्या प्रेक्षकांना रुचला नाही म्हणून बदलला होता. तो मालक कंपनीनेच पैसा खर्चून २०१२ मध्ये रंगीत रूपात परत आणला. मात्र त्याच शेवटाची कृष्णधवल कच्ची प्रत असलेली डीव्हीडी १९९८ मध्ये निर्मात्याच्या हरकतीमुळे बाजारातून मागे घेतली गेली होती. म्हणजे मालकी जपतेही आणि दडवूनही ठेवते. कोर्मनच्या चित्रपटाचा शेवट दडवणारे कोणी नव्हते: सीमोर स्वतःच झाडाच्या तोंडात शिरतो आणि उमललेल्या कळीत त्याचा चेहरा दिसतो.

म्हणून ऑनलाइन संग्रहांना शोधाचे श्रेय देण्यापेक्षा खुलेपणाचे द्यावे. मूळ कृती आणि तिची श्रीमंत रूपांतरे शेजारी ठेवून आता कोणीही स्वतः तुलना करू शकतो. पण फुकट मिळणारी धूसर प्रत म्हणजे जतन नव्हे. सर्वांच्या मालकीच्या चित्रपटाची चांगली प्रत राखण्याचा खर्चही सर्वांनीच, म्हणजे सार्वजनिक संस्थांनी, उचलायला हवा.