टेबलावर ठेवलेले पैसे कुणाचे?

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आपल्यातल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना आता परदेशात आहेत. कुणी बाळंतपणाला जातं, कुणी नातवंडं सांभाळायला. मीही गेले होते, अमेरिकेत शिकागोला, लेकीकडे. पहिल्याच रविवारी आम्ही बाहेर जेवलो. बिल झालं ६० डॉलर. लेकीने त्यावर आणखी १२ डॉलर लिहिले.

मी म्हटलं, "अगं, जेवणाचे पैसे दिले ना? मग हे कशाचे?"

"आई, ही टीप. वाढणाऱ्या बाईची."

"तिला मालक पगार देत नाही का?"

"देतो, पण तिचा संसार खरा चालतो तो ह्यावर."

मला ते पटेना. पगार देणं मालकाचं काम की गिऱ्हाइकाचं? घरी परतले तरी प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचत गेले, आणि जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

ही रीत मुळात अमेरिकेची नव्हे, युरोपातली. तिथले बडे लोक नोकराचाकरांच्या हातावर खुशीचे चार पैसे ठेवत. अमेरिकेतले श्रीमंत युरोप फिरून आले आणि ही सवय बरोबर घेऊन आले. त्याच सुमाराला, १८६५ साली, अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. लाखो काळी माणसं मोकळी झाली, पण हातात ना जमीन, ना पैसा. त्यांना काम तर हवंच होतं.

१८६७ साली जॉर्ज पुलमन नावाच्या उद्योजकाने शिकागोत रेल्वेच्या झोपायच्या डब्यांची कंपनी काढली. लांबच्या प्रवासात गादी, चादर, दिवा, सगळी सोय. प्रवाशांच्या सेवेला त्याने काळे पुरुष ठेवले, त्यांतले पहिले बरेचसे गुलामीतून सुटलेले. त्यांना पोर्टर म्हणत. बिछाने घालायचे, सामान उचलायचं, रात्री प्रवाशांचे बूट चमकवायचे, पहाटे उठवायचं. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. सगळ्यांना एकच नाव, 'जॉर्ज'. म्हणजे मालकाचं नाव. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखायची जुनी खोड, तीच पुढे चालली.

आपल्या पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथे ठिकठिकाणी फिरल्या. तो काळ नेमका ह्या डब्यांच्या भरभराटीचा होता.

पोर्टरला पगार तुटपुंजा. कंपनीचा हिशेब सरळ होता: बाकीचं प्रवासी देतीलच. १९१५ साली सरकारी आयोगापुढे ह्याची चौकशी झाली. तेव्हा पोर्टरचा पगार महिन्याला साडेसत्तावीस डॉलरपासून सुरू होत होता. बूट पॉलिशचा खर्चही त्याच्याच खिशातून. आयोगापुढे साक्षीला कोण आलं होतं ठाऊक आहे? रॉबर्ट लिंकन. गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचा मुलगा. तो तेव्हा ह्या कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष होता.

तेव्हाही टीप सगळ्यांना मान्य नव्हती. हात पसरून पैसे घेणं स्वतंत्र देशाला शोभत नाही, असं म्हणून १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टीपवर बंदी घातली. मग आणखी काही राज्यांनी घातली. पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. कारण उघड आहे. टीप थांबवली, पण पगार वाढवा असं मालकाला कुणी सांगितलंच नाही.

ते सांगितलं पोर्टरांनी. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांची संघटना उभी राहिली. पुढारी निवडला ए. फिलिप रँडॉल्फ. तो स्वतः पोर्टर नव्हता, म्हणून कंपनी त्याला कामावरून काढू शकत नव्हती. पोर्टरांचं मात्र तसं नव्हतं. संघटनेत नाव दिसलं की नोकरी जायची.

इथे बायका पुढे आल्या. नवरे गाडीवर, आठवडा आठवडा बाहेर. मग घराघरांत बैठका बायकांनी घेतल्या. निधी गोळा केला, निरोप पोचवले. गाड्यांवर मोलकरणी म्हणून राबणाऱ्या बायकाही संघटनेत होत्या. शिकागोच्या हेलेना विल्सन पुढे ह्या महिला शाखेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांनी बायकांना संघटना म्हणजे काय, सहकारी खरेदी म्हणजे काय, हे शिकवलं. आपल्या बचत गटाच्या बैठकीसारखंच म्हणा ना!

बारा वर्षं हा लढा चालला. २५ ऑगस्ट १९३७ रोजी कंपनीने करारावर सही केली. महिन्याला सुमारे ४०० तासांचं काम २४० तासांवर आलं, पगार वाढला. टीप बंद झाली नाही, पण चूल पेटणं तिच्यावर अवलंबून राहिलं नाही.

मग हॉटेलातल्या बाईचं तसं का झालं नाही? १९३८ साली अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला, पण हॉटेलांतले कामगार त्यातून वगळले गेले. १९६६ साली त्यांना आत घेतलं, तेही एका पळवाटेसह: मालकाने टीप पगारात धरली तरी चालेल. आज देशाचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे, पण टीप मिळणाऱ्याला मालकाने २ डॉलर १३ सेंट दिले तरी कायद्याला चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टीप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, असं कायदा म्हणतो. पण तो हिशेब मागायचा कुणी? मागणारीची पाळी कमी गर्दीच्या दिवशी लागायची भीती असतेच. काही राज्यांत आणि शहरांत दर जास्त आहे. शिकागोच्या नगरपालिकेने तर २०२३ साली ही तफावत पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, तिकडे गेलात तर एवढं लक्षात ठेवा. बसून जेवलात, कुणी वाढलं, तर बिलाच्या १५ ते २० टक्के ठेवायचे. आधी बिल नीट वाचा, सेवाशुल्क लावलेलं असेल तर पुन्हा द्यायची गरज नसते. टॅक्सीवाल्यालाही देतात. लॉजवर खोली आवरणारी बाई सहसा दिसत नाही, म्हणून तिचे पैसे रोजच्या रोज उशीजवळ चिठ्ठीसह ठेवावेत. उद्या दुसरीच बाई येईल. काउंटरवरून स्वतः चहा घेतलात, तर दिलेच पाहिजेत असं नाही. आणि हीच रीत सगळीकडे लावू नका. जपानात टोकियोला टीप देत नाहीत; विसरले म्हणून पैसे परत द्यायला माणूस मागे धावत येईल.

लेकीच्या त्या १२ डॉलरकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. ओवाळणी खुशीची असते, मजुरी हक्काची. मजुरीला ओवाळणीचं नाव दिलं की मागणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याला मोठेपणा वाटतो. आपल्याकडेही अंगणवाडीताईच्या पगाराला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. नावात काय आहे, असं कुणी म्हटलं तर त्यांना ही पोर्टरांची गोष्ट सांगा.

पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा: आपल्या कामाचे जे पैसे मिळतात, ते हक्काचे आहेत की कुणाच्या खुशीचे?