विभागाचं दार आतून उघडावं लागतं

अभ्यासक्रम बदलावा म्हणून आपण काय करतो? निवेदन देतो, फोटो काढतो. प्राचार्य "वर कळवतो" म्हणतात आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच युनिटं, तीच गाइडं. मी निवेदनाच्या विरोधात नाही, स्वतः कितीतरी दिली आहेत. पण विभागात काय शिकवायचं हे शेवटी तिथले प्राध्यापक ठरवतात. त्यांना त्यांच्याच विषयाच्या भाषेत निरुत्तर करावं लागतं. असा वाद आपल्या महाराष्ट्रात झाला आहे आणि तो तरुण कार्यकर्त्यांना माहीत असायला हवा.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा जात म्हणजे घुर्ये, श्रीनिवास आणि द्युमाँ. बाबासाहेब शिकवले ते 'समाजसुधारक' म्हणून. वास्तविक ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही तो विवाह टिकवण्याची साधनं, असं त्यांनी त्यात मांडलं. म्हणजे जात आणि स्त्रीचं दास्य ही एकच गाठ आहे, हे मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात तेव्हाच सांगून झालं होतं. तरी पुढे आपल्या विद्यापीठांत जातीचा पेपर वेगळा आणि स्त्रियांचा पेपर वेगळा!

ही फाळणी मोडण्याचं काम आधी दलित स्त्रियांनी केलं. १९८६ मध्ये बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात आलं. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची नोंद केली. १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त लेख लिहिला. दलित स्त्रिया वेगळं बोलतात, कारण बाहेरचे त्यांचे प्रश्न स्वतःच्या प्रश्नांत मिसळून टाकतात आणि घरातले पुरुषही त्यांना बोलू देत नाहीत, हा त्याचा गाभा. (यातला दुसरा भाग आपल्या सभांमध्ये सोयीस्करपणे गाळला जातो.)

पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच साप्ताहिकात गुरूंच्याच शीर्षकावरून पुढची मांडणी केली. रेगे सवर्ण घरातल्या, आणि त्यांचा वाद होता तो त्यांच्याच स्त्रीवादी सहकाऱ्यांशी. सत्तर-ऐंशीच्या दशकात 'दलित' म्हटलं की पुरुष आणि 'स्त्री' म्हटलं की सवर्ण स्त्री डोळ्यांपुढे येत होती, हे त्यांनी दाखवून दिलं. "त्या वेगळ्या आहेत, त्यांचं त्या बोलतील" असं म्हणून बाजूला होणं हा आदर नाही, ती सुटका आहे. प्रत्येक स्त्रीवाद्याने फुले-आंबेडकरी इतिहास शिकून स्वतःची भूमिका बदलली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

सगळ्यांना तो पटला नाही. १९९९ मध्ये छाया दातार यांनी त्याच साप्ताहिकात उलट प्रश्न केला: स्त्रीवादाची अब्राह्मणी मांडणी खरंच जास्त मुक्तिदायी आहे का? २००० मध्ये रेगेंनी त्याला उत्तर दिलं. या दोन वर्षांतले लेख मी पुन्हा पुन्हा वाचते. सहकाऱ्याला शत्रू न ठरवता, पण एक इंचही न सोडता कसं लिहायचं, ते मी त्यातून शिकले.

पुढचं काम वर्गातलं. रेगे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या प्रमुख झाल्या. २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर त्यांचं पुस्तक आलं. ही आत्मकथनं म्हणजे नुसत्या दुःखाच्या कहाण्या नाहीत, त्यांत समाजाचा सिद्धांत आहे, ही त्यामागची धारणा. २०१० मध्ये त्यांनी अध्यापनावर लेख लिहिला आणि शीर्षकात 'तृतीय रत्न' घेतलं. जोतीरावांनी हे नाटक १८५५ मध्ये लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं होतं आणि कमिटीने ते नाकारलं होतं. अभ्यास मंडळात आपला प्रस्ताव पडतो तेव्हा मला ही कमिटी आठवते.

"हे सगळं श्रेय एका सवर्ण बाईला का?" असं काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. पहिलं श्रेय बेबीताईंचं आणि ऊर्मिलाताईंचं, यात वाद नाही. पण ज्या खोलीत आपल्याला खुर्चीच नव्हती, तिथे आत बसलेल्यांपैकी कुणीतरी उलटं बोलणंही गरजेचं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या समाजशास्त्र विभागात आम्ही चौघं गेलो. "विषय राजकीय होईल," एक सर म्हणाले. आम्ही घोषणा दिली नाही. १९१६ च्या निबंधाची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि विचारलं, "सर, यातलं समाजशास्त्र नसलेलं वाक्य कोणतं?" त्यांनी ती घरी नेली. पुढच्या बैठकीत दोन मॅडमनी आमची बाजू घेतली, सर गप्प राहिले. निबंध एका युनिटमध्ये आला, तोही 'पूरक वाचन' म्हणून. तो मुख्य वाचनात यावा यासाठी या जूनमध्ये पुन्हा जाणार आहोत. या वेळी सोबत 'जिणं आमुचं' पण आहे.