संगणकातील फायलींची दूरस्थ राखीव प्रत : कमी खर्चात योग्य निवड

संगणकाची हार्ड डिस्क ही आज ना उद्या बंद पडणारी वस्तू आहे. ती बंद पडली की बाजारात नवी मिळते. परंतु तिच्यातील कौटुंबिक छायाचित्रे, जमिनीच्या कागदपत्रांच्या प्रती, संस्थेचे हिशेब किंवा वर्षानुवर्षे टंकलेले लेखन बाजारात मिळत नाही. म्हणून अशा फायलींची आणखी एक प्रत, म्हणजेच बॅकअप, ठेवणे आवश्यक ठरते.

पुष्कळ जण घरातच दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून ठेवतात. ही सवय चांगली असली, तरी ती अपुरी आहे. जुलै २०२१ मध्ये म्हादईसह अनेक नद्यांना पूर आला आणि सत्तरी, डिचोली, धारबांदोडा या तालुक्यांत घरांत पाणी शिरले. अशा वेळी एकाच कपाटातील संगणक आणि डिस्क दोन्ही एकदमच जातात. वीज कोसळणे, चोरी किंवा आग यांबाबतही हेच म्हणता येईल. यासाठी ‘तीन-दोन-एक’ हा नियम जगभर मान्यता पावला आहे : फायलीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी घराबाहेर, दूरच्या ठिकाणी असावी. प्रस्तुत लेखाचा विषय ही तिसरी, दूरची प्रत हा आहे.

समक्रमण आणि राखीव प्रत

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या सेवा मुख्यतः समक्रमण करतात. संगणकावरील फोल्डर जसा असेल तसाच तो दूरच्या संगणकावर ठेवतात. त्यामुळे येथे चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. खंडणी मागणाऱ्या विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर त्या बिघडलेल्या फायलीच वर चढतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते. ही मुदत उलटल्यावर चूक ध्यानात आली, तर उपाय उरत नाही. खरी राखीव प्रत फायलीच्या जुन्या आवृत्त्याही सांभाळते. म्हणून कोणत्याही सेवेविषयी पहिला प्रश्न किमतीचा नसावा. पुसलेली किंवा बिघडलेली फाइल किती दिवसांपर्यंत परत मिळते, हा असावा.

आधी मोजणी

खर्च कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे निवड. संगणकात ५०० जीबी भरलेले असले, तरी त्यांतील प्रणाली, कार्यक्रम आणि उतरवलेले चित्रपट पुन्हा मिळू शकतात. पुन्हा न मिळणाऱ्या फायली एका फोल्डरात आणून त्यांचे आकारमान पाहावे. लेख, हिशेब आणि पत्रव्यवहार सहसा काही जीबींत मावतो. जागा व्यापतात ती छायाचित्रे आणि चित्रफिती. डिजिलॉकरमध्ये शासकीय विभागांनी थेट दिलेले दाखले तेथून पुन्हा घेता येतात. त्यांच्यासाठी वेगळी जागा विकत घेण्याचे कारण नाही.

पर्याय आणि खर्च

*विनामूल्य जागा.* गूगल १५ जीबी देते, पण त्यात जीमेल आणि छायाचित्रेही मोजली जातात. वनड्राइव्ह ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्स २ जीबी देते. केवळ दस्तऐवज असतील, तर एवढ्यात भागू शकते. मात्र दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करू शकते, हे विसरू नये.

*मासिक वर्गणी.* गूगलच्या १०० जीबी योजनेचा भारतातील दर बराच काळ महिन्याला १३० रुपये, अथवा वर्षाचे एकदम भरल्यास १३०० रुपये, असा राहिला आहे. ही जागा कुटुंबातील व्यक्तींना वाटून वापरता येते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या कौटुंबिक योजनेत सहा जणांपर्यंत प्रत्येकी १ टीबी मिळते. कार्यालयीन कार्यक्रम आधीच विकत घेणाऱ्या कुटुंबास ती स्वस्त पडते.

*केवळ बॅकअपसाठीच्या सेवा.* बॅकब्लेझसारखी सेवा एका संगणकातील जवळजवळ सर्व फायली आपोआप चढवते, जागेची मर्यादा घालत नाही आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. तिचा वार्षिक दर २०२३ मध्ये ९९ डॉलर झाला. फायली थोड्या असल्यास हा खर्च अनावश्यक ठरतो. कित्येक टीबी असल्यास मात्र तोच किफायतशीर होतो.

*वापराइतके देयक.* काही कंपन्या ठेवलेल्या जागेपुरतेच पैसे घेतात; बॅकब्लेझच्या अशा सेवेचा दर २०२३ मध्ये १ टीबीस महिना ६ डॉलर ठरला. त्या हिशेबाने १०० जीबीस महिन्याला सुमारे ६० सेंट पडतात. डुप्लिकाटी किंवा रेस्टिक हे विनामूल्य कार्यक्रम तेथे आवृत्त्यांसह प्रती पाठवतात. मांडणीस थोडे तांत्रिक ज्ञान लागते.

*नातेवाइकांचे घर.* एक डिस्क विकत घ्यावी, तीवर प्रत काढावी आणि ती दुसऱ्या गावातील बहीण-भावाकडे ठेवावी. सणासुदीस जाताना ताजी प्रत न्यावी आणि जुनी परत आणावी. यास मासिक खर्च नाही; प्रत मात्र काही महिने मागे राहते.

वेळ, गोपनीयता आणि सेवेचे आयुष्य

पहिली प्रत चढण्यास वेळ लागतो. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असल्यास २०० जीबीस अखंड सुमारे ४४ तास लागतात. वीज व जोडणी खंडित झाल्यास चढवणे तेथूनच पुढे सुरू होते का, हे आधी पाहावे. नंतर केवळ नव्या आणि बदललेल्या फायली जातात.

बँकेचे वा वैद्यकीय कागद क्रिप्टोमेटरसारख्या विनामूल्य साधनाने कूटबद्ध करूनच चढवावेत. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरातील जबाबदार व्यक्तीस ठाऊक असलेल्या जागी ठेवावा. तो हरवला, तर प्रत असूनही नसल्यासारखीच.

सेवाही बंद पडतात. क्रॅशप्लॅनने घरगुती ग्राहकांसाठीची सेवा २०१८ मध्ये थांबवली. ॲमेझॉन ड्राइव्ह २०२३ च्या अखेरीस बंद झाली. म्हणून दूरची प्रत ही एकमेव प्रत कधीही असू नये.

परत आणून पाहावे

१९९८ मध्ये पिक्सार संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रती होत्या, पण त्या नीट निघतच नव्हत्या आणि ते कोणी तपासले नव्हते. एका तंत्रसंचालिकेने घरून काम करण्यासाठी नेलेल्या प्रतीमुळे चित्रपट वाचला.

घरगुती संगणकासही हाच धडा लागू पडतो. दर तीन महिन्यांनी एखादी फाइल दूरच्या साठ्यातून उतरवून, शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर, उघडून पाहावी. ज्या सेवेतून ती सहज परत येते आणि जिची वर्गणी दरवर्षी न चुकता भरणे परवडते, तीच आपल्यासाठी योग्य सेवा होय.