पोटातल्या बाळाच्या हृदयाचा पहिला ठोका कोण देतं?

छत्रपती संभाजीनगरातलं घाटी रुग्णालय असो की कॉलनीतलं सोनोग्राफी सेंटर, सहाव्या आठवड्याच्या आसपास एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'अजून ठोके दिसत नाहीत, दहा-बारा दिवसांनी या.' घरात लगेच रडारड सुरू होते. बऱ्याचदा ती घाईची असते.

माणसाचं हृदय गर्भधारणेनंतर साधारण 22व्या दिवशी धडधडू लागतं. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून. त्यांच्या हिशेबात तेव्हा जेमतेम पाच आठवडे झालेले असतात. पाळी अनियमित असेल तर हा हिशेबही चुकतो. म्हणूनच गर्भाची लांबी 7 मिलिमीटरपेक्षा कमी असताना ठोके दिसले नाहीत, तर एकाच तपासणीवर निकाल देत नाहीत. रक्तस्राव किंवा पोटात जोरात दुखत असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

त्या वेळी हृदय म्हणजे एक बारीक नळी असते. मेंदूकडून येणाऱ्या नसाही तिथवर पोचलेल्या नसतात. मग ठोका देतं कोण? कॅल्शियम. हाडांतलं तेच, पण इथे ते विरघळलेलं आणि विद्युतभार असलेलं. पेशीच्या बाहेर ते आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. आवरणातली सूक्ष्म दारं उघडली की ते आत शिरतं आणि पेशीतले तंतू आकसतात. पेशीने ते उपसून टाकलं की तंतू सैल होतात. शेजारच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असल्याने एकीचा झटका सगळ्यांपर्यंत जातो.

गंमत म्हणजे वीज ठोक्याच्या आधी येते. 1981 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या गर्भावर विजेची हालचाल दाखवणारा रंग वापरला. हृदय अजून हललंही नव्हतं, तरी त्यात विजेचे झटके नोंदले गेले. 2023 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी झेब्रा माशाच्या गर्भात पाहिलं, की पेशींतलं कॅल्शियम हळूहळू वाढत जातं, पहिला ठोका मात्र अचानक पडतो.

हे कॅल्शियम येतं आईच्या रक्तातून. सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या 14व्या आठवड्यापासून देतात. तोवर बाळाचं हृदय सुरू होऊन दोन महिने उलटलेले असतात. त्यामुळे ठोके दिसले नाहीत म्हणून मनानेच गोळ्या सुरू करण्यात अर्थ नाही.