रंगावरचे पांघरूण

जर्मनीतील एखाद्या मोठ्या शहरात आगगाडीतून उतरून स्थानकाबाहेर यावे, तो समोर टॅक्सींची रांग दिसते आणि त्यांतील बहुतेक गाड्यांचा रंग एकच असतो : फिकट हस्तिदंती. दुधावरची साय जराशी पिवळट व्हावी, तसा. रंगांच्या प्रमाणित जर्मन यादीत ह्या छटेचा क्रमांक १०१५ आहे. त्यापूर्वी तेथील टॅक्सी काळ्या असत. फिकट रंगाची गाडी अंधारात लवकर नजरेस पडते, हा विचार पुढे आला आणि १९७१ साली पश्चिम जर्मनीत टॅक्सीला हस्तिदंती रंग असलाच पाहिजे असा नियम झाला.

रस्त्याच्या दृष्टीने नियम शहाणपणाचा होता. टॅक्सीवाल्याच्या खिशाच्या दृष्टीने मात्र त्यात एक खोच होती. नवी गाडी घ्यावी, काही वर्षे ती चालवावी आणि तिच्यात जीव आहे तोवर विकून दुसरी घ्यावी, हा ह्या धंद्याचा हिशेब. गाडी विकताना जी रक्कम हाती येते, तीच पुढच्या गाडीचे भांडवल. परंतु हस्तिदंती गाडी दारात उभी करण्याची हौस खाजगी गिऱ्हाइकाला नसते. त्या रंगाकडे पाहताच गाडी टॅक्सी होती हे कळते, आणि मग ती किती मैल पळाली असेल, किती हातांनी तिचे गिअर ओढले असतील, ह्याचा हिशेब गिऱ्हाईक मनातल्या मनात करू लागते. यंत्र कितीही ठणठणीत असो, किंमत पडते.

मग रंगवून विकावी म्हटले, तर तो मार्ग अधिक खर्चाचा. बाहेरचे पत्रे रंगविणे सोपे, पण दार उघडताच चौकटीत जुना रंग डोकावतो. डिकीचे झाकण, बॉनेटची आतली बाजू, बिजागऱ्यांच्या खाचा, सारेच उघडून रंगवावे लागते. एवढे करूनही जाणता दलाल रंगावर बोट फिरवून विचारतोच, ‘ही रंगवली कशाला?’ ह्या प्रश्नाला कोणतेही उत्तर दिले तरी किंमत थोडी खाली येतेच. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना ही अडचण एवढी जाचली नाही. तेथली काळी-पिवळी पद्मिनी बहुधा टॅक्सी म्हणून जगे आणि टॅक्सी म्हणूनच भंगारात जाई. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली, तीही वयोमर्यादा संपली म्हणून.

गाडीच्या रंगाला किमतीत एवढे वजन कसे आले, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. पहिल्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच रंगविल्या जात. व्हार्निशचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. ह्यात आठवडेच्या आठवडे जात आणि रंगविलेल्या गाड्यांनी कारखान्याच्या वखारी अडून राहत. हेन्री फोर्डने १९१४ ते १९२५ ह्या काळात आपली मॉडेल-टी गाडी केवळ काळ्या रंगात काढली. तो रंग स्वस्त आणि टिकाऊ होता, मोठ्या उत्पादनास सोयीचाही होता. ही कोंडी ड्यूपॉन्ट कंपनीच्या ड्यूको नावाच्या रोगणाने फुटली. नायट्रोसेल्युलोजचे हे रोगण फवाऱ्याने मारता येई आणि झटपट वाळे. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या ह्या रोगणाची निळाई अंगावर घेऊन बाजारात आल्या, आणि मोटारीचा रंग ही निवडीची, हौसेची गोष्ट झाली.

त्याच दशकात अमेरिकेत जुन्या गाडीचा बाजार वाढला. जुनी गाडी दुकानदाराला देऊन तिची किंमत नव्या गाडीच्या किमतीतून वळती करण्याची रीत रुळली. लॉस एंजेलिसच्या केली ह्या व्यापाऱ्याने १९२६ साली जुन्या गाड्यांच्या किमतींचे ‘ब्लू बुक’ छापून काढले. रंगाला आता दोन कामे आली. पत्र्याला गंजापासून राखणे हे जुने काम, आणि गाडीच्या पूर्वायुष्याची साक्ष देणे हे नवे. कारखान्यातला मूळ रंग अंगावर असलेली गाडी ठोकलेली नसावी, असा बाजाराचा ठोकताळा झाला. तो नेहमीच खरा ठरतो असे नव्हे, पण बाजार अशाच ठोकताळ्यांवर चालतो.

योगायोग असा की, १९२६ ह्याच वर्षी वॉल्डो सेमन हा रसायनज्ञ बी. एफ. गुडरिच कंपनीत रबर धातूला चिकटविणारा पदार्थ शोधीत होता. पॉलिव्हिनाइल क्लोराइड हे त्या वेळी एक निरुपयोगी, कडक द्रव्य मानले जाई. सेमनने ते उच्च तापमानास उकळणाऱ्या द्रावकांत तापविले. हाती आलेला पदार्थ धातूला चिकटेना, पण मऊ आणि लवचिक मात्र होता. व्हिनाइलच्या सगळ्या चादरी, तक्तपोशी आणि पुढे मोटारीवरचे रंगीत पापुद्रे ह्या फसलेल्या प्रयोगाचीच संतती होत. धातूला चिकटण्यासाठी त्या पापुद्र्याला पाठीमागे वेगळा गोंद लावावा लागतो, ही गंमत वेगळीच.

टॅक्सीच्या रंगाचा आणि ह्या पापुद्र्याचा संबंध १९९३ साली जुळला. ब्रिटनमधील के.पी.एम.एफ. ह्या फिल्म बनविणाऱ्या कंपनीकडे त्या वर्षी जर्मन टॅक्सींसाठी रंगाऐवजी वापरता येईल अशी हस्तिदंती फिल्म मागण्यात आली. कल्पना साधी होती. विकताना ज्या रंगाला उठाव आहे त्याच रंगाची गाडी घ्यावी, वरून हस्तिदंती फिल्म चढवावी, टॅक्सी म्हणून चालवावी आणि विकण्याच्या वेळी ते पांघरूण काढून टाकावे. तीन वर्षांत तीन लाख मैल धावलेल्या एका टॅक्सीची फिल्म काढली तेव्हा खालचा रंग अगदी निर्दोष निघाला, असे कंपनी सांगते. ही विकणाऱ्याची साक्ष आहे, तेव्हा ती त्याच मापाने घ्यावी. तरीही जर्मनीतील टॅक्सीमालकांनी ही पद्धत उचलली, आणि हे लोक पैशाच्या बाबतीत भाबडे नसतात.

पारदर्शक फिल्मची कुळकथा निराळी आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजत. त्या राखण्यासाठी थ्री-एम कंपनीची पॉलियुरेथेनची चिवट फिल्म वापरली गेली. तेथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग सामान्य मोटारींच्या बंपरांवर आली. रंगीत फिल्म रूप पालटते, ही फक्त खड्यांचा मार खाते.

दोहोंचा पुनर्विक्रीवर होणारा परिणाम मात्र एका प्रश्नापाशी येऊन मिळतो : पांघरुणाखाली काय आहे? जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक प्रबंध लिहिला आणि २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला. त्याचा मुद्दा असा की, गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा प्रत्येक गाडी वाईट असू शकेल असे धरून बोली लावतो आणि चांगल्या गाडीवाल्याचे नुकसान होते. रंगीत फिल्मने मढविलेली गाडी हे ह्या संशयाचे मूर्तिमंत रूप होय. दलालाजवळ रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र असते. कारखान्यातल्या रंगाचे सारे थर मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरतात. डागडुजी केलेल्या पत्र्यावर आकडा चढतो आणि दलाल मान हलवितो. पण हे यंत्र पत्र्यापर्यंतचे अंतर मोजते. संरक्षक फिल्म स्वतःच १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, तेव्हा ती वर असताना यंत्राचा आकडा थेट वाचता येत नाही. मग गिऱ्हाईक म्हणते, फिल्म काढा, नाहीतर किंमत कमी करा.

फिल्म काढण्याची वेळ हीच खरी परीक्षा. मूळ रंग कारखान्याचा असेल आणि फिल्म वेळेवर काढली तर गाडी उजळ निघते, आणि मालकाला त्या रंगाची किंमत मिळते. फिल्मसाठी घातलेला पैसा मात्र बहुधा परत येत नाही. लग्नाच्या मांडवाला झालेला खर्च घराच्या किमतीत कोणी धरीत नाही, तसेच हे. पूर्वी डेंटिंग-पेंटिंग झालेल्या पत्र्यावरून फिल्म ओढली तर रंगाचे पोपडे तिच्याबरोबर निघून येतात आणि इतकी वर्षे झाकलेला अपघात गिऱ्हाइकासमोरच उघडा पडतो.

शिवाय जर्मनीचे ऊन आणि हैदराबादचे किंवा इंदूरचे ऊन ह्यांत फरक आहे. व्हिनाइलला मऊ ठेवणारी द्रव्ये उन्हाने हळूहळू निघून जातात. टपावरची आणि बॉनेटवरची फिल्म दारावरच्या फिल्मच्या आधी कडक होते, तिला भेगा पडतात, आणि मग ती सलग निघत नाही. तुकडा तुकडा खरवडावा लागतो व गोंद मागे राहतो. अशा गाडीला फिल्म नसती तर बरे झाले असते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नोंदणीच्या कागदात गाडीचा रंग लिहिलेला असतो, आणि निळी म्हणून नोंदलेली गाडी लाल होऊन दारात उभी राहिली तर कागद आणि गाडी ह्यांचा मेळ घालण्यातच सौदा अडकतो.

जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बेर्गसारख्या काही राज्यांनी पुढे हस्तिदंती रंगाची सक्ती सैल केली, आणि तेथे पांढऱ्या, काळ्या, करड्या टॅक्सीही दिसू लागल्या. मात्र फिल्मचा धंदा तोवर टॅक्सीपुरता उरला नव्हता. बॉनेटच्या पुढच्या हातभर भागालाच संरक्षक फिल्म लावण्याची रीत आजही आहे. काही वर्षांनी ती काढली की झाकलेला रंग ताजा आणि उघडा राहिलेला फिका दिसतो. मध्ये एक सरळ रेघ उमटलेली असते, आणि गाडी पाहायला आलेले गिऱ्हाईक प्रथम त्या रेघेवरूनच बोट फिरविते.